नावाआधीचा मान

डेल्फीन गेदरने आयुष्यात कधी वडीलधाऱ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारली नव्हती, आणि त्यापायीच ती अडकली. चोरी केली नव्हती, खोटं लिहिलं नव्हतं. एका म्हाताऱ्या बाईला मान दिला, एवढाच काय तो गुन्हा.

मिलवॉकीच्या उत्तर भागात, आमच्या काळ्या लोकांत, हा मान न देणाऱ्याला कोणी दारात उभं करत नाही. बाईचं लग्न झालेलं असो नाहीतर नसो, ती वयाने मोठी असेल तर नावाआधी 'मिस' आलंच पाहिजे. मिस रूबी, मिस अर्लीन. विसरलं की पूर्वी पाठीत धपाटा बसायचा, आता डोळे वटारले जातात. आमची जुनी माणसं मिसिसिपीहून, आर्कान्सासहून इकडे कारखान्यांत कामाला आली. तिकडे गोऱ्यांची शेंबडी पोरंसुद्धा आमच्या आज्यांना नुसत्या नावाने हाका मारायची. बाहेर कोणी मान देईना, म्हणून आम्ही तो एकमेकांना देत राहिलो.

तर ही डेल्फीन. वय चव्वेचाळीस, एका प्राथमिक शाळेत उपमुख्याध्यापिका, आणि संध्याकाळी विद्यापीठात शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करणारी. या वयात हे खूळ कशाला, असं तिला सगळ्यांनी विचारून झालं होतं. चर्चमधल्या बायका विचारत, नवरा होता तोवर तोही विचारायचा. ती हसून टाळायची. खरं कारण तिचा धाकटा भाऊ रूफस होता.

रूफस आठ वर्षांचा असताना त्याच्या बाई त्याच्यावर ओरडल्या आणि म्हणाल्या, "माझ्याकडे बघ." रूफसने मान खाली घातली. आमच्या घरात मोठं माणूस रागावत असताना त्याच्या डोळ्याला डोळा भिडवणं म्हणजे उद्धटपणा. पोरगं घरी शिकवलेलं पाळत होतं. बाईंनी लिहिलं की मुलाला सांगितलेलं कळत नाही. मग आईला शाळेत बोलावलं. गोल टेबलाभोवती पाच माणसं, त्यांतला एक डॉक्टर. औषध देणारा नव्हे, पुस्तकं वाचून झालेला. त्याने दोन वाक्यं बोलून कागद पुढे सरकवला, आईने सही केली, आणि रूफस कॉरिडॉरच्या टोकाच्या, 'मंद' मुलांच्या वर्गात गेला, जिथून कोणी परत येत नसे. घड्याळं उघडून परत जोडणारा मुलगा. आज तो शहराची बस चालवतो.

"तू काहीच कसं बोलली नाहीस?" डेल्फीनने एकदा आईला विचारलं होतं.

"काय बोलू? खोलीत डॉक्टर होता ना बाई," आई म्हणाली होती.

त्या टेबलाशी आपण डॉक्टर म्हणून बसायचं, एवढ्यासाठी डेल्फीनने हा धोंडा गळ्यात बांधून घेतला. उपमुख्याध्यापिका म्हणून ती आजही अशा बैठकांना बसायची. पण तिचं म्हणणं लोक ऐकून घ्यायचे आणि मग डॉक्टरकडे बघायचे.

विद्यापीठात ती वर्गात एकटीच काळी. चर्चा अडली की सगळे तिच्याकडे वळत आणि विचारत, "तुमच्या समाजाचं यावर काय मत आहे?" जणू समाजाने तिला सकाळी फोन करून मत कळवलं होतं! शेवटी तिने प्रबंधाचा विषयच तो घेतला. आपल्यासारखी माणसं, काळी, मेक्सिकन, आशियातून आलेली ह्मोंग, शिक्षणात पीएच.डी. करायला का येतात, काय सोसतात, आणि तरी का टिकतात. नऊ जणांशी ती बोलली. कोणाचंही नाव बाहेर येणार नाही असा शब्द दिला. सगळ्यांना खड्यांची नावं दिली. जॅस्पर, गार्नेट, कोरल. आणि नववी ओपल.

ओपल म्हणजे मिस हॅटी बोल्डिन. वय सहासष्ट, सगळी हयात शिकवण्यात घालवून निवृत्त झालेली बाई, आता स्वतःच पीएच.डी. करत होती. डेल्फीनच्याच विभागात, डॉक्टर व्हिटलॉकच्या हाताखाली. डेल्फीनने बाकी आठ जणांना नुसतं जॅस्पर, नुसतं कोरल लिहिलं. हिच्या वेळी मात्र हाताला वळण होतं ते आड आलं. प्रत्येक ठिकाणी तिने लिहिलं 'मिस ओपल'. पुन्हा पुन्हा वाचूनही तिला ते खटकलं नाही. खटकणार कसं? ते नसतं तर खटकलं असतं.

खटकलं ते व्हिटलॉकला. तोही तिचा प्रबंध तपासणाऱ्या समितीवर होता. पुढच्या शुक्रवारी तोंडी परीक्षा, तीन सह्या लागणार, त्यांतली एक त्याची. सोमवारी त्याने तिला खोलीत बोलावलं.

"डेल्फीन, ये, बस. काम सुंदर झालंय तुझं," तो म्हणाला. पन्नाशीचा, स्वेटर घातलेला, आवाज मऊ. "एक बारीकशी गोष्ट. हे पान बघ. तुझी ही ओपल सांगते की तिचे मार्गदर्शक वर्गात सगळ्यांदेखत म्हणाले, 'तुम्हा लोकांना गोष्टी छान सांगता येतात. तू गोष्टी जमव, विचाराचं मी बघतो.' आणि वर्ग हसला."

"हो सर."

"नऊ जणांत ही एकटीच 'मिस'. का बरं?"

त्याच्यासमोर उघडं पडलेलं ते पान डेल्फीनने पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांनी वाचलं. वयाने मोठी, म्हणून मिस. विभागात तिच्याहून मोठी काळी बाई एकच.

"सवय सर. टंकताना राहून गेलं," ती म्हणाली.

"असेल, असेल. मी काही नाव विचारत नाहीये. ते तुला सांगताही येणार नाही." तो हसला. "पण हे पान प्रबंधाला शोभत नाही. ऐकीव गोष्ट आहे. ते काढलंस तर शुक्रवारी मला सही करताना आनंद होईल. नाही काढलंस तर मला फार प्रश्न पडतील. आणि विद्यार्थी तर सगळेच आपल्याला जवळचे असतात, नाही का? कोणाचंच नुकसान व्हायला नको."

बाहेर तळ्यावरून गार वारा सुटला होता. ती गाडीत बसली आणि किल्ली लावायचं तिला सुचेना. पान काढलं तर मिस हॅटींनी जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते पुन्हा पुरलं जाणार. ठेवलं तर आपली सही तर जाईलच, वर मिस हॅटींचा गळा त्या माणसाच्या हातात. तिने मार्गदर्शक डॉक्टर क्विरोझ यांना फोन केला. क्विरोझबाई टेक्सासच्या मेक्सिकन, बोलायला फटकळ.

"पानाचं नंतर बघू," त्या म्हणाल्या. "तू शब्द दिला होतास आणि तो तुझ्या हातून मोडला. आधी त्या बाईकडे जा आणि तिच्या तोंडावर सांग. मला तिचं नाव सांगू नकोस."

मिस हॅटी स्वयंपाकघरात कोलार्डच्या पालेभाजीची पानं निवडत होत्या. डेल्फीनने कोट न काढताच सगळं सांगून टाकलं. मिस हॅटी पानं निवडत राहिल्या. देठ मोडल्याचा तेवढा आवाज. मग त्यांनी हात पुसले.

"मी तुला विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "विचारलं होतं ना? बाळ, हे कुणाला कळणार नाही ना? तू काय म्हणालीस?"

"नाही कळणार म्हणाले."

"माझ्या मुलाच्या वयाचा माणूस तो. त्याला डॉक्टर म्हणायचं आणि तो मला म्हणणार हॅटी. नुसतं हॅटी! तीन वर्षं मी ते गिळलं. कशासाठी? त्याच्या एका सहीसाठी. आणि तू माझ्या पाठीवर पाटी लावून आलीस."

"माझं चुकलं मिस हॅटी. मी पान काढते. आणि ते 'मिस'ही काढून टाकते, म्हणजे निदान दुसऱ्या कोणाला तरी..."

"काय काढतेस?"

मिस हॅटी खुर्चीवरून उठल्या, आणि तेवढ्याशा त्या बाईने स्वयंपाकघर भरून गेलं.

"त्याने नाही दिलं ते नाही दिलं. आता तूही काढून घेणार? तुझ्या आईने शिकवलं ते एका माणसाला घाबरून पुसून टाकणार?"

"मग करू तरी काय?" डेल्फीनला रडू फुटलं. "तुम्ही एकट्याच मिस. अंधारात कंदील धरल्यासारख्या दिसताय तुम्ही त्यात!"

"मग बाकीच्यांच्या हातात पण कंदील दे की."

"म्हणजे?"

"माझं काढू नकोस. त्यांना लाव. कोण तो तुझा जॅस्पर, तो मिस्टर जॅस्पर. ती कोरल, मिस कोरल. वय काय असेल ते असो. एवढं सोसून उभी आहेत ना पोरं? मग मान द्यायला काय जातंय तुझं? इतक्या पुस्तकांत हे नाही लिहिलेलं?"

डेल्फीन डोळे पुसायचं विसरून हसली. मग पुन्हा गंभीर झाली. "त्याने जुनं वाचलंय. त्याला कळलंय. आता सगळ्यांना लावलं तरी त्याला माहीत आहे."

"त्याला मला गाडायचं असेल तर तो गाडेल. पण बाकी दुनियेला तरी कळणार नाही. आणि ते पान राहील." मिस हॅटी पुन्हा भाजीला लागल्या. "पान काढलंस तर या घरात पाऊल टाकू नकोस. आणि शुक्रवारी मी येणार. मिस अर्लीन येतेय, चर्च सगळं येतंय, मी एकटीच घरी बसले तर लोक काय समजतील? पण माझ्याकडे बघायचं नाही. तो तुझ्या डोळ्यांवर नजर ठेवून असेल."

शुक्रवारी तो हॉल पाहून विद्यापीठातली माणसं गांगरली. त्यांच्याकडच्या परीक्षेला चार सहाध्यायी येतात, एक जण तर पेंगतो. इथे चर्चच्या बायका टोप्या घालून आलेल्या. मागच्या टेबलावर फॉइलमध्ये गुंडाळलेले केक आणि रताळ्याचं सारण भरलेल्या गोड पेस्ट्र्या. रूफस काळ्या सुटात पहिल्या रांगेत, अंत्यविधीला आल्यासारखा ताठ. तिसऱ्या रांगेत जांभळी टोपी. डेल्फीनने ती आत येताना पाहिली, आणि मग डोळ्यांना बजावलं.

तिने तासभर प्रबंध मांडला. मागून अधूनमधून "हो ना!" "सांग, पोरी!" असे आवाज येत होते. क्विरोझबाईंनी विचारलं, बाहेरच्या विभागातून आलेल्या डॉक्टर नॉर्डबी या पांढऱ्या केसांच्या बाईंनी विचारलं. तिची उत्तरं नीट गेली. मग व्हिटलॉकने चष्मा लावला.

"माझ्याकडे आलेल्या आधीच्या मसुद्यात फक्त एका व्यक्तीला 'मिस' होतं. आता सगळ्यांना आहे. हे कसं झालं?"

डेल्फीनने हातातली टिपणं बाजूला ठेवली.

"ती माझी चूक होती सर. मी एकीलाच मान दिला होता. बाकीच्या आठ जणांचाही तो हक्क होता. चूक सुधारली."

"आमेन," मागून मिस अर्लीन पुटपुटल्या. कोणीतरी हसलं. व्हिटलॉक हसला नाही.

"आता ते पान. ओपल या बाईंचं." आणि हे म्हणताना त्याने मान वर केली. तो उत्तराची वाट बघत नव्हता, ती कुठे बघते ते बघत होता. डेल्फीनला आतून ओढ लागली. एकदाच, अर्धा क्षण, तिसऱ्या रांगेकडे. खाली बघावं, तर खाली बघितल्याचा काय अर्थ लावतात ते रूफसने भोगलं होतं. घरी शिकवलेलं तिने त्या दिवशी मोडलं. तिने त्याच्या डोळ्यांत डोळे घातले आणि तिथेच ठेवले.

"विचारा सर."

"ही बाई खरं बोलतेय कशावरून?"

"मी प्रत्येकाशी तीनदा बोलले. तिन्ही वेळा शब्द तेच होते. आणि निरनिराळ्या विद्यापीठांतल्या चार जणांनी थोड्याफार फरकाने हेच ऐकलंय. तेही त्याच प्रकरणात आहे."

"पण दुसरी बाजू? त्या प्राध्यापकाला तू विचारलंस?"

"प्राध्यापक माझ्या अभ्यासात नव्हते. मी विद्यार्थ्यांना काय आठवतं ते लिहिलं."

"हे अन्यायाचं आहे," व्हिटलॉकचा मऊ आवाज आता मऊ राहिला नव्हता. "वाक्य तोडून घेतलंय. त्या दिवशी वर्गात चर्चा कशावर चालली होती, ते वाक्य कुठल्या संदर्भात गमतीने म्हटलं गेलं, याचा इथे पत्ताच नाही!"

खाई त्याला खवखवे, म्हणतात ते उगीच नाही. माणूस बोलून गेला आणि मग त्याला आपलंच बोलणं ऐकू आलं. डॉक्टर नॉर्डबींनी पेन खाली ठेवलं. त्या नॉर्वेकडच्या शेतकऱ्यांच्या घरातल्या, कमी बोलणाऱ्या.

"डॉक्टर व्हिटलॉक," त्या म्हणाल्या, "गमतीने म्हटलं गेलं, हे तुम्हाला कसं माहीत?"

व्हिटलॉकने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मी एक शक्यता बोलून दाखवली."

"बरं," नॉर्डबी म्हणाल्या. "मला उमेदवारांना आणखी काही विचारायचं नाही. तुम्हाला?"

त्याला नव्हतं.

सगळ्यांना बाहेर काढून तिघे आत बसले. कॉरिडॉरमध्ये रूफस बहिणीजवळ उभा राहिला. केक कोणी उघडेना. आत एकदा आवाज चढला, पुन्हा बसला. "डेल," रूफस हळूच म्हणाला, "तू त्याच्याकडे असं बघत होतीस, आईने बघितलं असतं तर लाटण्याने मारलं असतं." डेल्फीनला हसू आलं. त्याने तिचा दंड धरून ठेवला.

दार उघडलं. क्विरोझबाईंनी कागद दाखवला. तीन सह्या. तिसरी अशी दाबून केलेली की कागद फाटायचाच बाकी होता.

"अभिनंदन, डॉक्टर गेदर."

मग जो गलका झाला तो खालच्या मजल्यावर तक्रार होईपर्यंत चालला. रूफस भिंतीकडे तोंड करून रडला. मिस हॅटी सगळ्यांसारख्याच पुढे आल्या, सगळ्यांसारखंच गळ्यात पडल्या, आणि सगळ्यांसारखाच केक खाऊन गेल्या.

असल्या गोष्टी इथे संपल्या तर किती बरं. पुढच्याच आठवड्यात व्हिटलॉकने मिस हॅटींना कळवलं की कामाच्या व्यापामुळे यापुढे त्याला मार्गदर्शन करता येणार नाही. अक्षर चुकलं नव्हतं, शब्दाला शब्द सभ्य होता. विभागात दुसरा कोणी त्यांना घ्यायला तयार होईना, जो तो आपल्या शेजाऱ्याचं नाव सांगे. शेवटी क्विरोझबाईंनी घेतलं, पण त्यांचं क्षेत्र निराळं. विषय बदलायला लागला, शाळाशाळांत फिरून गोळा केलेलं निम्मं काम वाया गेलं. दोन वर्षं मागे. सहासष्टाव्या वर्षी दोन वर्षं म्हणजे काय, हे तरुणांना कळणार नाही.

डेल्फीनला ते खात राहिलं. पदवी मिळाल्यावर ती पहिल्यांदा त्या गोल टेबलाशी बसली, समोर एका लहान मुलीची आई कागदाकडे बघत होती, आणि डेल्फीन म्हणाली, "या मुलीला त्या वर्गाची गरज नाही, आणि का नाही ते मी सांगते." लोकांनी ऐकलं, आणि मग दुसऱ्या कोणाकडे बघितलं नाही. कागद सहीवाचून फाईलमध्ये गेला. गाडीत येऊन ती मोकळी रडली. रडण्यात आनंद होता, आणि मिस हॅटीही होत्या.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी चर्चच्या तळघरात मासे तळायचा कार्यक्रम होता. मिस हॅटी दाराशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला थाळ्या देत होत्या. डेल्फीन दिसताच त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज काढला.

"सरका, सरका. डॉक्टर गेदर आल्या. डॉक्टर गेदरांना खुर्ची द्या."

डेल्फीन त्यांच्या कानाशी वाकली. "मिस हॅटी, पाया पडते. तुम्ही तरी मला डॉक्टर म्हणू नका. मला सहन होत नाही. नुसतं डेल्फीन म्हणा."

मिस हॅटींनी थाळीत माशाचा मोठा तुकडा वाढला, वर पाव ठेवला, आणि थाळी तिच्या हातात दाबून दिली.

"तुझ्या त्या 'डॉक्टर'पायी माझी दोन वर्षं गेली, बाळ," त्या म्हणाल्या. "आता मी म्हणणार आणि तू ऐकून घेणार. बसा, डॉक्टर गेदर. गरम आहे तोवर खा."